दोन मजले, दोन केबल, एक बंडल: स्विचवर लिंक ॲग्रिगेशन बसवण्याची पूर्ण पद्धत

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातला एमआयडीसीचा दुमजली गाळा डोळ्यांसमोर आणा. वर रॅकमध्ये २४ पोर्टचा स्विच, चार डिस्कचा नॅस (सगळ्यांच्या फायली नेटवर्कवर ठेवणारा डबा), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि राउटर. खाली छपाईचं काम. तिथल्या स्विचला सहा डिझाइनचे पीसी, दोन बिलिंगचे आणि १६ कॅमेरे लागलेले. दोन्ही स्विचमध्ये एकच गिगाबिट केबल. डिझाइनच्या तिघांनी एकाच वेळी नॅसवरच्या मोठ्या फायली उघडल्या की बिलिंग अडखळतं. ती एक केबल उंदरांनी कुरतडली की खालचा अख्खा मजला बंद पडतो.

अशा ठिकाणी दोन केबल टाकून त्यांचं एक बंडल करणं, म्हणजेच लिंक ॲग्रिगेशन, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मात्र कामाचा क्रम चुकला तर लूप होऊन, म्हणजे तोच डेटा दोन केबलमधून गोल गोल फिरत राहून, दोन्ही मजले एकदम बंद पडतात, म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी हे पक्कं समजून घ्या

दोन गिगाबिट केबलचं बंडल केलं म्हणजे दोन गिगाबिटचा एक पाइप तयार होत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याला एक लेन वाढवली तर जास्त गाड्या जातात, पण कुठलीच गाडी दुप्पट वेगाने धावत नाही. बंडलचंही तसंच आहे. एका पीसीवरून नॅसवर चाललेली एक फाइल कॉपी कायम एकाच केबलवरून जाते. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. त्यातून हेडर वगैरे वजा जाता प्रत्यक्ष कॉपीत ११० ते ११३ दिसतात. बंडल केल्यावरही त्या एका कॉपीला तेवढेच दिसणार.

असं मुद्दामच ठेवलंय. एकाच संवादातले फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, दोन केबलवरून पाठवले तर ते मागेपुढे पोहोचतात आणि ते क्रमाने लावणाऱ्या टीसीपीचा वेग उलट खाली येतो. म्हणून स्विच प्रत्येक फ्रेममधले पत्ते बघून एक हिशोब करतो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्यावरून केबल ठरवतो. पत्त्यांची जोडी तीच असेल तर केबलही तीच.

त्यामुळे फायदा होतो तो एकाच वेळी बरेच जण काम करत असताना, आणि दुसरा फायदा म्हणजे एक केबल तुटली तरी काम चालू राहतं. एकाच डिझायनरला एकट्याला जास्त वेग हवा असेल तर २.५ किंवा १० गिगाबिटचे पोर्ट घ्या, बंडलवर पैसे घालवू नका. नॅसच्या डिस्कही आधी तपासा. फिरत्या डिस्कच्या मिरर जोडीवर छोट्या छोट्या फायली लिहिताना गिगाबिटसुद्धा भरत नाही. तिथे केबल वाढवून काहीच फरक पडणार नाही.

कॅमेऱ्यांवर उगाच आळ येतो. प्रत्येकी ४ मेगाबिटने १६ कॅमेरे म्हणजे ६४ मेगाबिट, गिगाबिटच्या सात टक्क्यांहूनही कमी.

स्थिर बंडल की एलएसीपी?

बंडल दोन प्रकारे होतं. स्थिर प्रकारात दोन्ही स्विचना नुसतं सांगायचं, 'हे दोन पोर्ट एक समजा.' एलएसीपीत (लिंक ॲग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल) दोन्ही टोकं एकमेकांशी बोलून खात्री करून घेतात आणि मगच पोर्ट बंडलमध्ये घेतात. हे प्रमाण २००० साली ८०२.३एडी या नावाने आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेलं. डेटाशीटवर आजही बहुधा जुनंच नाव छापलेलं असतं.

दोन्ही टोकांना एलएसीपी चालत असेल तर तेच वापरा, आणि याचं कारण नवी मुंबईतल्या गाळ्यांत रोज दिसतं. शेजारच्या गाळ्यापर्यंत फायबर ओढून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावलेले असतात. मधलं फायबर तुटलं तरी बऱ्याच कन्व्हर्टरवर स्विचकडचा दिवा जळतच राहतो. स्थिर बंडल त्या मेलेल्या केबलवर निम्मा ट्रॅफिक पाठवत राहतं. निम्म्या लोकांचं काम चालतं, निम्म्यांचं नाही, आणि दोष शोधता शोधता दिवस जातो. एलएसीपीत मात्र समोरून निरोप यायचे थांबले की पोर्ट आपोआप बाहेर पडतो. निरोप साध्या गतीत दर ३० सेकंदांनी जातात आणि ९० सेकंद वाट पाहून पोर्ट सोडला जातो. जलद गतीत हेच आकडे १ आणि ३ सेकंद आहेत. मध्ये कन्व्हर्टर असेल तर जलद गती दोन्ही टोकांना लावा, कारण प्रत्येक टोक समोरच्याला सांगतं की 'मला या गतीने निरोप पाठव'. एकाच टोकाला लावली तर फक्त तेच टोक लवकर सावध होतं.

एलएसीपीचे मोड दोन, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. ॲक्टिव्ह स्वतःहून बोलतो, पॅसिव्ह विचारल्यावर. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलं तर कोणीच बोलत नाही आणि बंडल होत नाही. दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेवा म्हणजे प्रश्नच उरत नाही.

साहित्य आणि केबलची वाट

दोन्ही स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) हवेत आणि दोघांच्या डेटाशीटवर ८०२.३एडी किंवा एलएसीपी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काही स्वस्त 'स्मार्ट' स्विच फक्त स्थिर बंडल करतात. अनमॅनेज्ड स्विचवर हे काम होतच नाही.

तांब्याची केबल असेल तर कॅट-६ च्या दोन लाइन आणि तिसरी राखीव ओढा. नंतर सीलिंग उघडण्याची मजुरी केबलपेक्षा महाग पडते. पॅच कॉर्ड धरून एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नको. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक आणि पावसाळ्यातली वीज पोर्ट जाळते. तिथे सिंगल मोड फायबर टाका. एका लिंकला दोन कोअर म्हणजे दोन लिंकना चार, पण ओढायची सहा कोअरची. एसएफपी (स्विचमध्ये फायबर लावायचे छोटे मॉड्यूल) दोन्ही टोकांना एकाच प्रकारचे घ्या. एका कोअरवर चालणारे बायडी घेतलेत तर जोडी उलट-सुलट लावावी लागते, एकीकडे १३१० पाठवणारा तर समोर १३१० घेणारा.

दोन्ही केबल एकाच पाइपातून नेल्या तर बंडलचा अर्धा उपयोग गेला. एकच ड्रिल, एकच उंदीर दोन्ही तोडतो. एक जिन्याच्या डक्टमधून, दुसरी मागच्या भिंतीवरून न्या. मोटर आणि वेल्डिंगच्या पॉवर केबलपासून निदान एक फूट लांब ठेवा. खाडीकडची दमट हवा आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांचे वायू यांमुळे आरजे-४५ च्या पिना काळ्या पडतात. खालच्या मजल्यावर उघडं आय-ओ बॉक्स नको, झाकणाचं घ्या.

यापलीकडे लागतात लॅपटॉप थेट दोन्हीपैकी कुठल्याही स्विचला जोडता येईल अशी कन्सोल केबल, दोन रंगांचे पॅच कॉर्ड आणि लेबल.

सिस्को स्विचवर, टप्प्याटप्प्याने

आधी दोन्ही स्विचच्या कॉन्फिगची प्रत काढून ठेवा. गाळ्याच्या आठवड्याच्या सुट्टीला किंवा शिफ्ट संपल्यावर काम करा. आणि सर्वांत महत्त्वाचं: दुसरी केबल अजून लावू नका.

खालच्या स्विचवर तुम्ही वरून, त्याच एका केबलवरून लॉगिन केलं असेल तर पोर्ट बंद करताच तुमचाच हात तुटतो. म्हणून खाली लॅपटॉप कन्सोलला लावून काम करा. ते शक्यच नसेल तर आधी 'रीलोड इन १०' द्या. दहा मिनिटांत संपर्क परत आला नाही तर स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. हा उपाय चालतो तो मधे सेव्ह केलं नाही तरच. काम जमलं की 'रीलोड कॅन्सल' विसरू नका.

समजा दोन्हीकडे पोर्ट २३ आणि २४ वापरायचे आहेत, व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) १० ऑफिसचं आणि २० कॅमेऱ्यांचं. दोन्ही स्विचवर हेच करा, आधी दूरचा स्विच, मग जवळचा:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/२३ - २४
शटडाउन
चॅनेल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह
एक्झिट
इंटरफेस पोर्ट-चॅनेल १
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०
एक्झिट

व्यवस्थापनाचा आयपी ज्या व्हीलॅनमध्ये आहे ते व्हीलॅन अलाउड यादीत आहे ना, हे एकदा बोट ठेवून तपासा. ते राहून गेलं तर बंडल उत्तम चालतं आणि स्विचवर लॉगिन मात्र होत नाही.

चॅनेल-ग्रुप देताच पोर्ट-चॅनेल १ हा नवा इंटरफेस आपोआप तयार होतो. इथून पुढे व्हीलॅन, ट्रंक, नेटिव्ह व्हीलॅन यातलं काहीही बदलायचं ते पोर्ट-चॅनेलवरच. तिथला बदल दोन्ही पोर्टवर उतरतो. पोर्ट २३ वर जाऊन एक व्हीलॅन वाढवलं तर ते फक्त त्याच पोर्टला लागतं, दोघांचं जुळत नाही आणि एक पोर्ट बंडलबाहेर फेकला जातो. सहा महिन्यांनी दुसरं कोणी नवीन व्हीलॅन टाकायला येतं तेव्हा हीच चूक होते. म्हणून पोर्ट २३ आणि २४ च्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहून ठेवा: 'बदल पोर्ट-चॅनेल १ वर करा'.

आता दोन्ही केबल लावा आणि दोन्ही स्विचवर पोर्ट २३-२४ ला 'नो शटडाउन' द्या. काही सेकंद थांबून 'शो इथरचॅनेल समरी' बघा. पोर्ट-चॅनेलपुढे कंसात 'एसयू' आणि दोन्ही पोर्टपुढे कंसात कॅपिटल 'पी' आलं की बंडल झालं. 'डी' म्हणजे पोर्टला लिंकच नाही. कॅपिटल 'आय' म्हणजे पोर्ट एकटा चालतोय, समोरून एलएसीपी येत नाही. स्मॉल 'एस' म्हणजे पोर्ट निलंबित, बहुतेक वेळा वेग किंवा व्हीलॅन जुळत नाही म्हणून. समोर एलएसीपी नसेल तर मॉडेलनुसार 'आय' दिसतं किंवा 'एस'. समोर नक्की कोण आहे ते 'शो एलएसीपी नेबर' सांगतं. दोन्ही पोर्टवर समोरचा सिस्टीम आयडी, म्हणजे समोरच्या स्विचची ओळख, एकच दिसला पाहिजे. वेगळा दिसला तर एक केबल चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये गेलीय.

स्पॅनिंग ट्री म्हणजे लूप रोखणारी स्विचची व्यवस्था. 'शो स्पॅनिंग-ट्री' मध्येही आता दोन पोर्टऐवजी एकच पोर्ट-चॅनेल दिसायला हवा. दोन वेगळे पोर्ट दिसत असतील आणि त्यातला एक ब्लॉक असेल तर बंडल झालेलं नाही, फक्त लूप थोपवून धरलाय.

एचपी, अरुबाच्या जुन्या मालिकांवर

इथे शब्दाचा मोठा घोळ आहे. सिस्कोत 'ट्रंक' म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट, एचपी प्रोकर्व्ह आणि त्यांच्या पुढच्या अरुबा मालिकेत 'ट्रंक' म्हणजे बंडल. एकाने फोनवर 'ट्रंक कर' म्हटलं आणि दुसऱ्याने आपल्या स्विचच्या भाषेत ऐकलं की गडबड ठरलेली. कमांड अशी:

ट्रंक २३-२४ टीआरके१ एलएसीपी
व्हीलॅन १० टॅग्ड टीआरके१
व्हीलॅन २० टॅग्ड टीआरके१

पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द विसरला तर स्थिर बंडल होतं. आणि पोर्ट बंडलमध्ये गेला की त्याची आधीची व्हीलॅन सदस्यता जाते, बंडल डिफॉल्ट व्हीलॅनमध्ये पडतं. पुढच्या दोन ओळी म्हणूनच लागतात. तपासणीला 'शो ट्रंक्स' आणि 'शो एलएसीपी'.

नॅस आणि सर्व्हरचं टोक

दोन स्विचमधली वाट रुंद केली आणि नॅस एकाच केबलवर ठेवला तर अडथळा फक्त पुढे सरकतो. नॅसलाही दोन पोर्ट असतील तर त्याचंही बंडल करा, वेगळ्या पोर्ट-चॅनेलमध्ये.

इथला क्रम असा: आधी नॅस, मग स्विच. सिनॉलॉजीवर कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क, नेटवर्क इंटरफेस, क्रिएट बॉन्ड असं जाऊन ८०२.३एडी निवडा, तेव्हा एकच केबल लावलेली ठेवा. आत लिनक्सचंच बॉन्डिंग असतं. समोर एलएसीपी मिळाला नाही तरी ते एका पोर्टवर चालू राहतं, त्यामुळे संपर्क तुटत नाही. आधी स्विचवर बंडल केलं तर काही स्विच एलएसीपी न बोलणारा पोर्ट निलंबित करतात आणि नॅसचं पानच उघडत नाही. राउटरवर नॅसचा आयपी मॅक पत्त्यावरून (नेटवर्क पोर्टच्या स्वतःच्या पत्त्यावरून) राखून ठेवला असेल तर बॉन्डचा मॅक तोच आहे ना हे बघून घ्या.

साध्या लिनक्स सर्व्हरवर बॉन्डिंगचा मोड ४ (एलएसीपी), एमआयआयमॉन १०० (दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासणं) आणि हॅश पॉलिसी लेयर २+३ (मॅक आणि आयपी पत्ते). मग प्रॉक फोल्डरातल्या नेट, बॉन्डिंगखालची बॉन्ड० ही फाइल वाचा. दोन्ही पोर्टचा ॲग्रिगेटर आयडी सारखा हवा. पार्टनरचा मॅक सगळा शून्य दिसला तर स्विच एलएसीपी बोलतच नाही.

एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरचा साधा, म्हणजे स्टँडर्ड व्हीस्विच एलएसीपी बोलत नाही. तिथे स्विचवर 'मोड ऑन' (स्थिर बंडल) आणि व्हीएमवेअरमध्ये आयपी हॅश अशी जोडी लागते. एलएसीपी हवं तर डिस्ट्रिब्युटेड व्हीस्विच घ्यावा लागतो. तशाच कामाच्या मायक्रोसॉफ्ट हायपर-व्हीच्या सेट टीमिंगलाही एलएसीपी चालत नाही. तिथे स्विचचे पोर्ट साधेच ठेवा, बंडल करू नका.

वाटणी नीट होतेय का?

बंडल झालं तरी एक केबल भरलेली आणि दुसरी रिकामी, ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. कारण हॅशमध्ये असतं.

समजण्यासाठी साधा हिशोब घ्या. दोन केबल आहेत, स्विच दोन्ही आयपी पत्त्यांच्या शेवटच्या बिटचा एक्सॉर करतो. दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर उत्तर ०, पहिली केबल. एक सम, एक विषम असेल तर १, दुसरी केबल. नॅसचा पत्ता १९२.१६८.१०.१०. पीसींचे शेवटचे आकडे २१, २२, २४, २६. नॅस सम, त्यामुळे २२, २४, २६ हे तिघे पहिल्या केबलवर आणि २१ एकटा दुसऱ्यावर. आता कोणीतरी पत्ते देताना पीसींना सम आणि फोनना विषम आकडे दिले असतील तर सगळे डिझायनर एकाच केबलवर आलेच. २४ चा २५ करा, वाटणी लगेच दोन-दोन होते. खऱ्या स्विचचा हिशोब याहून जास्त बिटांचा असतो, पण तत्त्व हेच.

अनेक स्विचवर डिफॉल्ट हॅश मॅक पत्त्यांचा असतो. ट्रॅफिक राउटरमधून जात असेल तर तिथे तो फसतो. राउटर पलीकडच्या सगळ्या पीसींसाठी मॅक एकच, राउटरचा, म्हणून सगळे एकाच केबलवर. सिस्कोवर ग्लोबल मोडमध्ये 'पोर्ट-चॅनेल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-आयपी' द्या. हे सेटिंग पूर्ण स्विचला लागतं. प्रत्येक टोक फक्त स्वतःकडून जाणाऱ्या ट्रॅफिकची वाटणी करतं, म्हणून दोन्ही स्विचवर बदला. दोन्ही टोकांचा हॅश वेगळा असला तरी बंडल मोडत नाही.

केबलची संख्या दोन, चार किंवा आठ ठेवा. सिस्कोच्या बऱ्याच कॅटॅलिस्टमध्ये हॅशचे आठ कप्पे असतात. तीन केबलना ते ३, ३, २ असे वाटले जातात.

बिघाड आणि त्याचं मूळ

दुसरी केबल लावताच दोन्ही स्विचचे सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकायला लागले तर तो लूप आहे. केबल लगेच काढा. एका टोकाला बंडल झालेलं नाही आणि स्पॅनिंग ट्री बंद आहे. ती कधीही बंद करू नका, बंडल असलं तरी.

पोर्ट एरर-डिसेबल झाला (स्विचने स्वतःच बंद केला) आणि लॉगमध्ये 'चॅनेल-मिसकॉन्फिग' आलं तर एकीकडे स्थिर बंडल, दुसरीकडे काहीच नाही. दोन्हीकडे ॲक्टिव्ह करा, मग शटडाउन आणि नो शटडाउन. लॉगमधलं कारण 'बीपीडीयू-गार्ड' (समोर स्विच दिसला की पोर्ट बंद करणारं संरक्षण) असेल तर पूर्वी पीसीसाठी वापरलेल्या पोर्टवर तो राहून गेलाय, काढून टाका.

दोनपैकी एक पोर्ट निलंबित असेल तर आधी वेग बघा. केबलमधली एक जोडी तुटली की लिंक १०० मेगाबिटवर येते आणि हजारवाल्याबरोबर बंडलमध्ये बसत नाही. सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, पुन्हा क्रिम्प करा.

ठरावीक दोघा-तिघांनाच त्रास, बाकी सगळे मजेत, आणि रीस्टार्ट करूनही तेच दोघे-तिघे? एक केबल खराब आहे आणि त्यांचा हॅश तिच्यावर पडतोय. 'शो इंटरफेसेस' मध्ये दोन्ही पोर्टचे सीआरसी, म्हणजे खराब फ्रेमचे, आकडे बघा. एकावर ते वाढत असतील तर तो पोर्ट शटडाउन करा. सगळे दुसऱ्या केबलवर येतात, तक्रार थांबते, आणि केबल दिवसाउजेडी बदलता येते.

वरच्या मजल्यावर दोन वेगवेगळे स्विच असतील आणि एक केबल याला, एक त्याला लावायची असेल तर ते दोन्ही स्टॅक केलेले (जोडून एकच स्विच बनवलेले) हवेत किंवा त्यांना एमलॅग (दोन वेगळ्या स्विचवर मिळून एक बंडल करण्याची सोय) हवं. नाहीतर खालचा स्विच दोन वेगळे सिस्टीम आयडी बघून एकच केबल बंडलमध्ये घेतो. स्टॅक असेल तर मात्र केबल दोन वेगळ्या सदस्यांना लावाच.

चाचणी

खालच्या एका पीसीवरून नॅसला 'पिंग -टी' चालू ठेवा. पोर्ट २३ ची केबल उपटा. जास्तीत जास्त एखादा पिंग चुकावा. केबल परत लावा, समरीत दोन्ही 'पी' येईपर्यंत थांबा, मग २४ ची उपटा. एकच केबल काढून चाचणी झाली असं मानू नका, कारण पहिल्या खेपेला ट्रॅफिक कदाचित दुसऱ्याच केबलवर होता. कन्व्हर्टर असेल तर मधलं फायबर काढूनही बघा, कारण तिथला बिघाड तसाच येतो.

वेगासाठी दोन वेगळ्या पीसींवरून एकाच वेळी आयपर्फ३ (वेग मोजण्याचं साधन) किंवा मोठ्या फायलींची कॉपी चालवा. त्यांचे पत्ते वर सांगितल्याप्रमाणे एक सम, एक विषम घ्या. एकाच पीसीवरून कितीही स्ट्रीम काढले तरी आयपी हॅशमध्ये सगळे एकाच केबलवर जातात, शिवाय त्या पीसीचा स्वतःचा पोर्ट गिगाबिटचाच असतो. आधी काउंटर शून्य करा आणि पाच मिनिटांनी दोन्ही पोर्टचे आकडे शेजारी ठेवून बघा. अगदी निम्मे-निम्मे कधीच येत नाहीत. साठ-चाळीस आलं तरी चांगलं समजा. पंच्याण्णव-पाच आलं तर हॅशकडे परत जा.

सगळं जमलं की 'राइट मेमरी', दोन्ही स्विचवर. पॅच कॉर्डच्या दोन्ही टोकांना लेबल लावा: 'पीओ१, वरचा २३, खालचा २३' (पीओ१ म्हणजे पोर्ट-चॅनेल १). रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला पोर्ट, व्हीलॅन आणि दोन्ही केबलच्या वाटा लिहिलेला कागद चिकटवा आणि त्यावर तारीख घाला.